धर्मग्रामाचा इतिहास : स्मरणिकेतला आणि नोंदवहीतला

संपादकमहाशयांनी गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक जाडजूड गठ्ठा पाठविला. निरनिराळ्या धर्मग्रामांनी शताब्दी, सुवर्णमहोत्सव किंवा चर्चचा जीर्णोद्धार ह्या निमित्ताने काढलेल्या नऊ स्मरणिका त्यात होत्या. ‘ह्यांवर एकत्रित अभिप्राय द्यावा’, एवढीच चिठ्ठी सोबत होती. कवठे महांकाळच्या दुष्काळी टापूत पावसाळा म्हणजे बहुधा आभाळाकडे पाहत बसण्याचा ऋतू. आपल्या लोकांची घरेही येथे बोटांवर मोजावीत इतकी. त्यामुळे वाचनास सवड मिळाली, आणि नऊही स्मरणिका आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचल्या.

त्यांची नावे आम्ही येथे देत नाही. जे दोष आम्हांला आढळले ते कोणा एका संपादक मंडळाचे नाहीत, आपणा सर्वांचे आहेत. आणि पुढे सांगणार आहोत त्याप्रमाणे त्यांत आमचाही वाटा आहे.

ह्या स्मरणिकांची मांडणी वाचकांच्या परिचयाची आहे. आरंभी महागुरुस्वामींचा संदेश, मग प्रमुख धर्मगुरूंचे मनोगत, समित्यांची छायाचित्रे, देणगीदारांची यादी, काही कविता, आणि मध्ये कोठेतरी चार-पाच पानांत ‘आमच्या धर्मग्रामाचा इतिहास’. नऊपैकी सहा इतिहास वसईच्या १५३४ सालच्या तहापासून सुरू होतात, मग तो धर्मग्राम विसाव्या शतकात स्थापन झालेला का असेना. नंतर एका परिच्छेदात १७३९ साल येते, दुसऱ्यात चर्चची पायाभरणी, तिसऱ्यात घंटा आणि मनोरा, आणि त्यापुढे धर्मगुरूंची सनावळी. अमुक फादरांनी विहीर खोदली, तमुक फादरांनी शाळेला मजला चढविला, त्यांच्यानंतर आलेल्या फादरांनी लाद्या बसविल्या. धर्मग्रामस्थ मात्र ह्या साऱ्या इतिहासात एकाच वाक्प्रयोगात दिसतात : ‘भाविकांच्या सहकार्याने’. तीनशे-चारशे वर्षे ज्या लोकांनी श्रद्धा जपली, शेते कसली, होड्या हाकल्या, लेकरे वाढविली आणि पुरली, ते सगळे ह्या दोन शब्दांत गाडले गेले आहेत.

इमारतीचा इतिहास लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. पण धर्मग्राम म्हणजे इमारत नव्हे, हे आम्ही दर रविवारी वेदीवरून सांगतो. मग इतिहास लिहायला बसलो की तेच का विसरतो, असा आमचा प्रश्न आहे.

ह्याचे एक कारण असे दिले जाते की साधनेच नाहीत. ‘पोर्तुगीज गेले, कागद गेले’, हे वाक्य नऊपैकी चार स्मरणिकांत जवळजवळ त्याच शब्दांत आहे. ह्या म्हणण्याची परीक्षा करणे हाच ह्या लेखाचा मुख्य हेतू आहे.

स्थानिक इतिहासाच्या लेखनाची परंपरा मराठीला नवी नाही. आम्ही राहतो तेथून जवळच, मिरजेत, वासुदेवशास्त्री खरे हे शाळामास्तर होऊन गेले. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या घराण्यांतील पत्रांची दप्तरे सोडली, मोडीतली पत्रे वाचून त्यांची संगती लावली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने प्रसिद्ध केला. १९२४ साली मृत्यूने गाठेपर्यंत हे काम चालू होते. मोठे विद्यापीठ नाही, अनुदान नाही. एक शिक्षक, गावातील काही घरे आणि त्या घरांतील कागद. त्याच साली राजवाड्यांनी ‘महिकावतीची बखर’ छापून काढली. ही बखर उत्तर कोकणाची, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांच्या मुलखाची. तिच्यात दंतकथा आहेत, वंशाभिमान आहे, सालांचे घोटाळे आहेत. राजवाड्यांनी ती वेदवाक्य म्हणून स्वीकारली नाही आणि गावठी म्हणून फेकूनही दिली नाही. तिचे थर त्यांनी वेगळे केले, आणि दीर्घ प्रस्तावनेत तिच्यातून साध्या लोकांच्या समाजजीवनाविषयी काय निघते ह्याचा विचार केला. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज मान्य होतील असे नाही. पण कागदाशी कसे वागावे हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आपल्याच समाजातील उदाहरणे पाहावयाची तर व्यवसायाने डॉक्टर असलेले गोमंतकीय संशोधक जे. जर्सन द कुन्हा ह्यांचा चौल व वसईच्या पुरातन अवशेषांवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमधले शिलालेख त्यांनी उतरून घेतले; त्यांतील जे पुढे झिजले असतील ते आज त्यांच्या पुस्तकातच वाचावे लागतील. तरी त्यांची नजर मुख्यत्वे किल्ला, मठ आणि प्रतिष्ठितांच्या कबरी ह्यांवर स्थिरावलेली आहे. तटाबाहेरच्या वाड्यांतील माणसे त्यांना क्वचितच दिसतात. पुढे १९२७ साली ब्राझ फर्नांडिस ह्यांनी वांद्र्याचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यांनी शीर्षकातच ‘धार्मिक आणि ऐहिक’ असे दोन्ही शब्द घातले. धर्मग्रामाच्या इतिहासात बाजार, तळी, रस्ते, रोगराई हेही येते, ही जाणीव त्या शीर्षकात आहे. ही दोन्ही पुस्तके आज शंका घेऊनच वाचली पाहिजेत. पण शंका घेता येते, कारण त्यांनी आपण काय पाहिले आणि कोठे पाहिले ते सांगितले आहे. आपल्या स्मरणिका ‘असे म्हणतात’ ह्या दोन शब्दांवर शतके ओलांडतात, आणि कोण म्हणते ते सांगत नाहीत.

आता साधनांकडे वळू. धर्मग्रामाचे सर्वांत मोठे साधन धर्मगुरूंच्या कचेरीतील लोखंडी कपाटात असते : स्नानसंस्काराची, विवाहाची आणि मृत्यूची नोंदवही. ह्या वह्या का निर्माण झाल्या हे समजल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत, म्हणून थोडे मागे जाऊ.

त्रेंतच्या विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहसंस्काराविषयी निर्णय केला. त्यापूर्वी युरोपात गुपचूप विवाहांचा सुळसुळाट झाला होता. दोघांनी एकांतात वचन द्यावे आणि पुढे एकाने ते नाकारून दुसरा संसार थाटावा, असे होई. परिषदेने ठरविले की विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर आणि साक्षीदारांसमोर व्हावा, आणि वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस व स्थळ धर्मगुरूने एका वहीत लिहून ती वही आपल्यापाशी जपून ठेवावी. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहावयाची तीही ह्याच प्रयोजनाने, कारण त्या आध्यात्मिक नात्यातील विवाह निषिद्ध होते. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या सांगितल्या : स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू, आणि पाचवी ‘आत्म्यांची स्थिती’ ह्या अर्थाच्या लॅटिन नावाची. ही पाचवी वही म्हणजे घरोघर फिरून केलेली कुटुंबनोंद. घरात कोण कोण आहे, किती वयाचे आहे, कोणाचे कोणते संस्कार झाले, हे तीत लिहावयाचे. आज आपण सर्वांत अधिक दुर्लक्ष कोणत्या वहीकडे केले असेल तर ते हिच्याकडे. १९०७ सालच्या निर्णयाने विवाहाची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीसमोर लिहिणे आवश्यक झाले, आणि १९८३ च्या धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामाने दप्तरखाना राखावा व जुन्या वह्या विशेष काळजीने जतन कराव्यात, हे बंधन घातले.

म्हणजे ह्या वह्या इतिहासासाठी लिहिल्या गेल्या नाहीत. बायको टाकून देणाऱ्या पुरुषाला अटकाव करण्यासाठी, एका अर्थी दुबळ्या पक्षाच्या संरक्षणासाठी, त्या लिहिल्या गेल्या. त्यांच्या ह्या मूळ प्रयोजनातच त्यांचे बळ आहे. इतिहासकार सहसा मोठ्यांची नोंद ठेवतो. नोंदवही सावकाराच्या लेकाला आणि त्याच्या गड्याच्या लेकाला एकाच शाईने, एकाच साच्यात, एकाखाली एक लिहिते.

पण ती वाचावी कशी? एक नोंद वाचली तर नाव, तारीख आणि सही ह्यांपलीकडे काही हाती लागत नाही. शंभर नोंदी सलग वाचल्या की गाव बोलू लागते. कोणत्या महिन्यांत लग्ने होतात ह्यावरून शेतीचे चक्र कळते. वधू कोणत्या गावाहून आल्या ह्यावरून सोयरिकीचा परीघ आखता येतो. धर्ममाता म्हणून एकाच बाईचे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले की ती गावची सुईण असावी की श्रीमंताघरची गृहिणी, हा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर शोधण्यासाठी दुसरी वही उघडावी लागते. मृत्यूच्या वहीत एखाद्या वर्षी पाने भराभर उलटू लागली, अक्षर घाईचे झाले, की रोगाची साथ दाराशी आलेली दिसते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्या काळात गावठाणांच्या वेशींवर उभारलेले क्रूस आपण आजही पाहतो आणि पुढे जातो. त्या क्रुसांखाली ज्यांची नावे कोरलेली नाहीत ती मृत्यूच्या वहीत आहेत.

तितकेच महत्त्वाचे आहे वही काय सांगत नाही ते. वही लिहिणारा पुष्कळदा परभाषी असे. त्याने लॅटिन वा पोर्तुगीज साच्यात आपली नावे बसविली. वाडीतले घरनाव, जुने आडनाव, हाक मारण्याचे नाव त्या साच्यातून गळून पडले. एकाच गावात एकाच नावाचे सहा परेरा असले तर त्यांतला कोण कोणाचा, हे वही सांगत नाही. वाडीतली म्हातारी सांगते. स्त्री प्रथम बापाची मुलगी म्हणून आणि मग नवऱ्याची बायको म्हणून येते. तिने शेतात काय राबविले, किती बाळंतपणे सोसली, ते आपल्याला तारखा मोजून काढावे लागते. आणि एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. गोव्यात धार्मिक बंधुसंघांचे सदस्यत्व जातीनुसार ठरत असे, हे आता इतिहासाच्या अभ्यासकांना नवे नाही. आपल्या उंबरठ्याच्या आतही असा भेद कोठे कोठे होता. नऊ स्मरणिकांपैकी एकीनेही ह्या विषयाला स्पर्श केलेला नाही. वेदीपुढे आपण सारे एक, हे सत्य आहे. पण ते सत्य आपण किती उशिरा आणि किती अनिच्छेने पाळले, हे झाकून ठेवल्याने ते अधिक सत्य होत नाही.

‘कागद गेले’ ह्या तक्रारीतही अर्धेच तथ्य आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या धामधुमीत पुष्कळ काही नष्ट झाले हे खरे. परंतु जे उरले ते कोठे असेल ह्याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. वसईचे धर्मग्राम पूर्वी गोव्याच्या महाधर्मप्रांताकडे होते. १८८६ साली दमणचा धर्मप्रांत झाल्यावर ते तिकडे गेले. १९२८ च्या करारानंतर मुंबईकडे आले. आणि १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. एका गावाने गेल्या दीडशे वर्षांतच चार दरवाजे पाहिले. मुंबईच्या बाजूला तर पाद्रोआदो आणि प्रोपागांडा ह्या दोन अधिकारक्षेत्रांच्या वादात शेजारीशेजारी दोन चर्च उभी राहिली आणि घरेदारे दुभंगली. त्या वादाची कागदपत्रे अर्नेस्ट हल ह्या येशूसंघीय धर्मगुरूने १९२७ ते १९३० ह्या काळात दोन खंडांत अभ्यासून मांडली. म्हणजे ज्या गावाचा कागद गावात नाही, तो गोव्यात असू शकेल, मुंबईत असू शकेल, लिस्बनमध्येही असू शकेल. गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना १५९५ सालची. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. त्याच दप्तरखान्यात आयुष्य घालवून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उलगडला आणि १९६७ साली तो मराठीत आला. एका हिंदू पंडिताने पोर्तुगीज कागद वाचून आपल्याला आपला शेजार समजावून दिला, आणि आपण मात्र आपल्याच चर्चच्या वहीतले पोर्तुगीज वाचू शकत नाही म्हणून ती बंद ठेवतो.

१७३९ विषयी स्मरणिकांचा सूर एकच असतो : विलाप. किल्ला पडला, मठ ओस पडले, परदेशी धर्मगुरू गेले. पण शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करू देण्याची तरतूद होती, हे ह्या विलापात हरवते. आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न हरवतो : जे मागे राहिले ते कोण होते? ते शेतकरी होते, बागायतदार होते, मच्छीमार होते. जहाजात बसून जाण्याची सोय त्यांना नव्हती. श्रद्धा टिकविली ती त्यांनी आणि त्यांच्यासाठी राहिलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी. आपल्या समाजाचा खरा आरंभ आम्हांला १५३४ पेक्षा ह्या मागे राहण्यात दिसतो. त्याचा इतिहास कोणी लिहिला तर तो विलाप होणार नाही.

येथे आयर्लंडचे उदाहरण उपयोगी पडेल. तोही शेतकऱ्यांचा, कॅथलिक आणि परदेशी सत्तेखाली भरडलेला देश. कॅथलिकविरोधी दंडक कायद्यांमुळे तेथील पुष्कळ खेड्यांतील नोंदवह्या, विशेषतः पश्चिमेकडील, एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. बहुतेक कॅथलिक धर्मग्रामांत मृत्यूची नोंद नियमाने ठेवली जात नसे. मग त्या गावाला आपला दुष्काळ कोठे सापडतो? स्नानसंस्काराच्या वहीत. जेथे वर्षाला पानेच्या पाने भरत तेथे ओळी विरळ होतात. जन्मलेली बालके मोजून न जन्मलेल्यांचा आणि निघून गेलेल्यांचा अंदाज घ्यावा लागतो. नोंदवहीतील रिकामी जागाही पुरावा असते, हे आम्हांला तेथून उमगले.

त्याच देशात ३० जून १९२२ रोजी, यादवीच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी दप्तरखाना जळाला. प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या शेकडो नोंदवह्या सुरक्षिततेसाठी म्हणून तेथे ठेवल्या होत्या. त्या राख झाल्या. कॅथलिक वह्या आपापल्या खेड्यांतील कपाटांत राहिल्या होत्या म्हणून वाचल्या. पण खेड्यातले कपाट पुरेसे आहे असे समजून आयरिश लोक स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ह्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली, आणि ८ जुलै २०१५ पासून एक हजाराहून अधिक धर्मग्रामांच्या वह्यांच्या तीन लाखांवर प्रतिमा जगात कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येऊ लागल्या. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात जन्मलेला पणतू आता आपल्या पणजीचे नाव वाचतो. दुसरे काम त्यांनी आणखी आधी केले. १९३७ ते १९३९ ह्या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील पन्नास हजारांहून अधिक मुलांनी आपल्या घरच्या व शेजारच्या वृद्धांकडून गावच्या गोष्टी, औषधे, खेळ, दुष्काळाच्या आठवणी, विहिरींची आणि शेतांची नावे विचारून वह्यांत उतरवली. वही जे सांगत नाही ते म्हाताऱ्यांकडून, आणि तेही मुलांच्या हस्ते, असा हा बेत होता.

हे वाचीत असता आमच्या ह्या कवठे महांकाळची आठवण होणे साहजिक आहे. अग्रणीच्या काठचा हा भाग दुष्काळी. म्हैसाळ योजनेचे पाणी येईपर्यंत येथील माणसाने पाण्यासाठी काय सोसले ते येथल्यांनाच ठाऊक. ह्याच टापूतली माणसे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली. गावात वृद्ध उरले आणि जत्रेला गाव भरते. वसईचे तरुण आखातात आणि कॅनडात गेले तेव्हा वसईतही हेच झाले. ज्या गावातून माणसे जातात त्या गावाला आपली नोंद अधिक जपावी लागते, कारण विचारीत परत येणारे असतात.

आणि लोक विचारू लागले आहेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील मोडी कागद आणि कोतवाल बुके एकाएकी मौल्यवान झाली. मोडी वाचणाऱ्याला मान आला. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांच्या जन्माचा दाखला हवा म्हणून लोक चर्चच्या दारी येतात. लाभ दिसला की कागद दिसतो, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे आणि त्यात आम्हांला निंदा करावीशी वाटत नाही. मात्र दाखला घेऊन जाणारा आपली एक ओळ वाचतो आणि वही मिटतो. त्या ओळीच्या वर आणि खाली कोण आहे ते तो पाहत नाही.

इतरांना बोल लावल्यानंतर आमचा कबुलीजबाब देणे आले. दीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत घाटावरच्या एका जुन्या धर्मग्रामात आम्ही सहायक होतो. चर्चच्या महोत्सवाची स्मरणिका आमच्याकडे सोपविण्यात आली. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकलो होतो, लॅटिन थोडेफार येत होते, अंगात उत्साह होता. आम्ही नोंदवह्या उघडल्या त्या एवढ्याचसाठी की नोंदींखालच्या सह्यांवरून धर्मगुरूंची यादी बिनचूक व्हावी. यादी बिनचूक झाली. अंक छापला, वाटला, कौतुक झाले. आठवडाभराने एक वृद्ध गृहस्थ अंक हातात घेऊन आले. वाचता येत नव्हते. नातवाकडून वाचून घेतला होता. ते म्हणाले, “फादर, चर्च कुणी बांधलं ते तुम्ही लिहिलंय. दगड कुणी वाहिले ते कुठं लिहिलंय?” त्यांचे आजोबा त्या कामावर होते, एवढेच त्यांना ठाऊक होते. आम्ही हसून म्हणालो, “बाबा, त्याची नोंद नाही.”

नोंद होती. दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा कपाट आवरताना तळाशी जुनी हिशेबवही सापडली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. आत बांधकामाच्या मजुरीचा आठवडी हिशेब होता : नाव, दिवस, आणे. त्यांच्या आजोबांचे नाव सलग अनेक आठवडे होते. काही आठवड्यांत त्याखाली, निम्म्या मजुरीवर, त्यांच्या आजीचेही होते. आम्ही ती वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांचे निधन होऊन चार महिने झाले होते. नातवाला पान दाखविले. तो बराच वेळ त्या नावावर बोट ठेवून उभा राहिला, आणि आम्हांला काही बोलता आले नाही.

‘नोंद नाही’ हे उत्तर आम्ही शोध न करता दिले होते. स्मरणिकांतील ‘कागद गेले’ हे वाक्य आता वाचले की आम्हांला ते घर आठवते. म्हणूनच ह्या विषयावर आम्ही कदाचित जरूरीपेक्षा कठोर लिहीत असू. वाचकांनी ते समजून घ्यावे.

आता काही व्यवहारातले. ज्या धर्मग्रामांत महोत्सव येऊ घातला आहे त्यांनी स्मरणिकेच्या खर्चातील थोडा भाग छपाईआधी वह्यांवर करावा. जुनी लोहयुक्त शाई स्वतःच कागद खाते. त्यावर प्लास्टिकचे आवरण चढविणे म्हणजे रोग्याला गोधडीत कोंडणे होय. वही कोरडी, सपाट आणि हवेशीर ठेवावी, तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात व एक आणखी कोठेतरी ठेवावी. डब्लिनचा धडा हाच आहे की एक जागा कितीही भक्कम असली तरी ती एकच असते. हिशेबवह्या, कबरस्तानाचे नकाशे, सोसायट्यांची इतिवृत्ते ही रद्दी नव्हे. मात्र अलीकडच्या नोंदी सर्वांस खुल्या करू नयेत. स्नानसंस्काराच्या वहीच्या समासात दत्तकविधानाच्या, विवाह रद्द ठरल्याच्या टिपा असतात. जिवंत माणसाची लाज राखणे हे इतिहासापेक्षा मोठे कर्तव्य आहे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना प्रत्येकी एक कोरी वही देऊन आपापल्या आजीपाशी बसवावे. आयर्लंडने जे सरकारी पातळीवर केले ते एका धर्मग्रामाला एका सुट्टीत जमण्यासारखे आहे.

संत पापांच्या सांस्कृतिक वारसाविषयक मंडळाने २ फेब्रुवारी १९९७ रोजी चर्चच्या दप्तरांविषयी एक पत्रक काढले होते. दप्तर जपणे हे कारकुनी काम नसून मेंढपाळाच्या सेवेचाच भाग आहे, असा त्याचा आशय आहे. आम्ही धर्मगुरूंनी ते किती गांभीर्याने घेतले ह्याचा निवाडा वाचकांनी आपापल्या चर्चचे कपाट पाहून करावा. पाहू द्या असे आदराने म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, कारण त्या कपाटात आमचे काही नाही; आमच्या फक्त सह्या आहेत.

नऊ स्मरणिकांवरील आमचा अभिप्राय येथे संपतो. त्यांपैकी एकीचा मात्र विशेष उल्लेख केला पाहिजे. तिच्या शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली, जागा भरण्यासाठी म्हणून की काय, चर्चची झाडलोट आणि घंटा वाजविण्याचे काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या एका कुटुंबाविषयी सहा ओळी आहेत. लेखकाचे नाव नाही. नऊ अंकांत आम्ही दोनदा वाचले असे तेवढेच पान. त्या सहा ओळी ज्यांनी लिहिल्या त्यांनी पुढचा अंक संपादित करावा, अशी आमची त्या धर्मग्रामाला विनंती आहे.